मदत हवी आहे: खरूज की कुष्ठरोग?

आमचे काका हर्णैला बोटीवर खलाशी आहेत. बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला पुरळ आलंय, रात्री खाजेनं झोप नाही. बोटीवरचे बाकीचेही खाजवतायत, म्हणजे ती खरूजच असणार. पण कोपराजवळ एक फिकट चट्टा आहे, तो मुळीच खाजत नाही. डोळे मिटायला लावून त्यावर कापूस फिरवला, त्यांना कळलंच नाही! वाडीत कुजबुज होईल म्हणून दवाखान्याचं नाव काढत नाहीत, आजी आपली करंजेल तेल चोळतेय.

दोन्ही रोग एकाच वेळी असू शकतात का? कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात हे माहीत आहे. पण त्वचेच्या स्मिअरची (त्वचेला बारीक चीर देऊन घेतलेल्या नमुन्यात कुष्ठरोगाचे जंतू शोधतात ती) तपासणी दापोलीत होते, की थेट रत्नागिरी गाठावी लागेल? कुणी करून घेतली असेल तर सांगा.