मदत हवी आहे: यंत्रमाग कामगारांना त्यांच्या श्रवणचाचणीचे निष्कर्ष कसे सांगावेत?

रानजाई:
इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारांच्या ऐकण्यावरचा आमचा अभ्यास संपत आला आहे. शोधनिबंध इंग्रजीत जाईल, पण ज्यांचे कान तपासले त्यांना निष्कर्ष कळायलाच हवेत. बेत असा: सगळ्यांना एका सभागृहात बोलवायचं, पडद्यावर आलेख दाखवायचे, शेवटी प्रत्येकाच्या हाती ऑडिओग्राम (त्याच्या श्रवणचाचणीचा आलेख) द्यायचा. बऱ्याच जणांचं वाचन बेताचं आहे, काहींच्या घरी कन्नड बोलतात. मालकही निकाल मागताहेत. यात काय बदलू?

कर्णवेध:
क्रम उलटा करा. आधी ज्याचा निकाल त्याला एकट्याला सांगा, एकत्रित चित्र नंतर.

त्याआधी एक खात्री करा. चाचणी पाळी सुटल्या सुटल्या घेतली होती का? गोंगाटातून आलेल्या माणसाचे कान काही तास तात्पुरते मंदावलेले असतात, त्यामुळे निकाल खरा आहे त्याहून वाईट दिसतो. चाचणीआधी किमान १४ तास शांतता हवी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीनंतर पहिली पाळी सुरू होण्याआधीची वेळ उत्तम. घर मागाला लागून असेल तर सुट्टीतही शांतता मिळत नाही, हे विचारून घ्या. शंका असेल तिथे चाचणी पुन्हा घ्या, मगच निकाल सांगा.

नुसता ऑडिओग्राम देऊ नका. ४० डेसिबल म्हणजे ४० टक्के बहिरेपण, असाच त्याचा अर्थ लावला जातो. गोंगाटाने झालेली हानी आलेखात खाचेसारखी दिसते. ही खाच आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात पडते, बहुतेकदा ४००० जवळ. स, श, फ सारखी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि हळू आवाजाची, म्हणून तीच आधी हरवतात. ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही, गर्दीत तर मुळीच नाही’ असं सांगितलं की बहुतेकांना आपली अडचण ओळखू येते. कार्डावर मोठ्या अक्षरात तीनच गोष्टी छापा: काय आढळलं, रोज कुठे अडेल, पुढे कोणाकडे जायचं. अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की माणसात परत उगवत नाहीत, कोणत्याही तेलाने किंवा गोळीने नाही, हे स्पष्ट सांगा. श्रवणयंत्राचा उपयोग होतो आणि पुढची हानी थांबवता येते, हेही त्याच बैठकीत सांगा.

कान वाहतो, दोन कानांत मोठा फरक आहे किंवा एका कानाने अचानक कमी येतंय, असे लोक वेगळे काढा. ही लक्षणं फक्त गोंगाटाने समजावता येत नाहीत. त्यांना लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. अचानक कमी झालेल्या ऐकण्याला तर त्याच दिवशी.

पैलतीर:
सभागृह नकोच. घुमणारा आवाज, पंखे, कर्णा, सगळं ऐकू न येणाऱ्याच्या विरोधात. आठ-दहा जणांचे गट करा, अर्धगोलात बसवा. बोलणाऱ्यापासून दीड मीटरच्या आत, उजेड त्याच्या चेहऱ्यावर, खिडकी त्याच्या पाठीमागे नको. माईक तोंडासमोर धरला की ओठ दिसत नाहीत. फलकाकडे वळून बोलू नका: आधी दाखवा, थांबा, मग बोला. बोललेलं लिहून दाखवणारं अ‍ॅप मराठीत चालतं, पण घोळक्यात चुका फार करतं. मुख्य वाक्यं छापूनच ठेवा. कन्नड दुभाष्या आधी ठरवा. ‘समजलं का?’ असं विचाराल तर ‘हो’ येणारच. ‘घरी काय सांगाल?’ असं विचारा, मग काय पोचलं ते कळतं.

रानजाई:
आणि मालक?

उभाआडवा:
वैयक्तिक निकाल मालकाला मुळीच नाही. संमतिपत्रात काय लिहिलंय ते पाहा आणि त्याबाहेर जाऊ नका. ऐकायला कमी येतं म्हणून कामावरून काढण्याचा धोका खरा आहे. मालकाला एकत्रित आकडेच द्या. छोट्या कारखान्यात तेही नकोत, कारण चार-पाच माणसांत कोण ते लगेच ओळखू येतं.

मात्र गोंगाटाने येणारं बहिरेपण कळवायच्या आजारांच्या यादीत आहे: आधी कारखाने अधिनियम, १९४८च्या आणि नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०च्या तिसऱ्या अनुसूचीत. संहितेच्या कलम १२ने (जुन्या कायद्यात कलम ८९) डॉक्टरवर सरकारकडे कळवण्याची जबाबदारी येते. तुमच्या डॉक्टरांशी आधी बोला आणि ही गोष्ट कामगाराला निदानाआधी सांगा. भरपाईसाठी व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही हे आहे. ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) नोंद आहे का, विचारा. अपंगत्व प्रमाणपत्राची आशा मात्र लावू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत, बोलण्याच्या कंपनसंख्यांवर ६० डेसिबलची घट लागते. वरच्या पट्टीची खाच त्या हिशेबात बुडून जाते: माणूस अडखळतो आणि कागद निरोगी म्हणतो.

मालकाला आवाजाची मोजणी द्या, ती त्याच्या कामाची. आपल्या नियमांत ८ तासांना ९० डेसिबल चालतात. अमेरिकेतली नायॉश ही संस्था ८५ सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. धोट्याच्या मागात मोठा आवाज पिकरच्या (धोट्याला ढकलणाऱ्या भागाच्या) फटक्याचा आणि धोटा पेटीत आदळण्याचा. झिजलेला पिकर, ढिले बोल्ट, सुकलेलं वंगण, हे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, ठीक करू शकतो.

फोमचे बोळे वाटणार असाल तर घालायला शिकवा. बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. पाकिटावर आवाज किती डेसिबलने कमी होतो त्याचा आकडा (एनआरआर) २९ लिहिला असेल तर त्यातून ७ वजा करून निम्मे करा: हाती ११च लागतात. तेलकट बोटांनी वळलेला बोळा खाज आणतो, मग तो खिशातच राहतो. म्हणून कारखान्यात बोळ्यांच्या डब्याशेजारी साबण-पाणी ठेवायला सांगा.

रानजाई:
सभागृह रद्द. संमतिपत्र आणि कलम १२ आज डॉक्टरांना दाखवते. कार्डाचा मजकूर इथे टाकते, तपासून द्याल?

कर्णवेध:
टाका. कन्नड मजकूरही सोबत द्या, आणि छापण्याआधी दोघा-तिघा कामगारांकडून वाचून घ्या.