लग्नाचे फोटो मुद्दाम विटके करावेत का?

मळवाट
भाचीच्या लग्नाचा अल्बम परवा हातात आला. हिरवा चुडा शेवाळी झालाय, मुंडावळ्यांचे मोती पिवळट आणि नवऱ्याच्या काळ्या टोपीत काळा उरलेलाच नाही, नुसती राख. विचारलं तर ‘विंटेज टोन आहे’ म्हणाले. मूळ रंगातल्या फायली मागितल्या, तर त्या ठेवलेल्याच नाहीत.

माझ्या आईचं लग्न १९७८चं. त्यातले मोजके रंगीत फोटो आता लालसर पडलेत. शालूचा रंग आई जांभळा म्हणते, मावशी चिंतामणी. शालू जरीसाठी केव्हाच मोडला. खरं काय ते सांगणारा एक फोटोच होता, तोही विटला. जे काळाने आमच्याकडून नेलं, तेच भाचीच्या घरी पहिल्याच महिन्यात हाताने करून दिलंय. मला हे चूक वाटतं. तुमचं मत सांगा.

अर्धाउजेड
मी अकरा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मे महिना, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, वर लाल-पिवळं मांडवाचं कापड, स्टेजवर जांभळे दिवे. प्रत्येकाच्या गालावर तीन रंग. अशा वेळी कर्व्हमध्ये, म्हणजे उजेड-अंधार बदलायच्या रेषेत, काळ्याचा बिंदू ० (पूर्ण काळा) वरून २५ वर नेला की डोळ्यांखालच्या कडक सावल्या मऊ होतात. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, उतरवलं की कापडाचा सांडलेला रंग दबतो. निळ्या चॅनलला (फोटोतल्या निळ्याच्या थराला) सावलीत किंचित वर, उजेडात किंचित खाली घेतलं की सगळे फोटो एका सुरात येतात. माझ्यासाठी हा त्या उजेडावरचा उपाय आहे.

शिवाय जोडपी स्वतः मागतात. इन्स्टाग्राम २०१० साली आलं ते फिल्टर घेऊनच. ही मुलं त्यातच वाढली. त्यांच्या मनात आठवणीचा रंगच तो आहे.

पानगळ
मी जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करते. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘जुनं म्हणजे फिकट’ हेच मुळात खरं नाही.

सत्तरच्या दशकातले कितीतरी रंगीत प्रिंट पेटीत अंधारात राहूनही लाल होतात, कारण त्यातला निळा-हिरवा म्हणजे सायन रंग आधी मरतो. फोटो स्टुडिओच्या काचेत उन्हात लावलेले प्रिंट मात्र निळे पडतात. कृष्णधवल फोटो नीट धुतला नसेल, हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) कागदात राहिला असेल, तर पिवळे-तपकिरी डाग येतात. प्रत्येक विटण्यामागे वेगळं कारण असतं. आणि सेपिया, म्हणजे तो तपकिरी टोन? कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचा असतो; तिथे त्या चांदीचं सल्फाइड करत, त्यामुळे फोटो जास्त टिकतो! आपण ज्याला विटण्याची खूण समजतो, तो टिकवण्याचा उपाय होता. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ ते २००९ बनत होती. अंधारात जपलेल्या तिच्या स्लाइड आजही गडद दिसतात. आईचा फोटो धुऊन आला त्या दिवशी तो फिका नव्हता, आणि आई तशीच, भरल्या रंगात उभी होती.

अर्धाउजेड
पानगळताई, रसायन पटलं. पण फोटोवर हात चालवणं आपल्याकडे नवं आहे का? कृष्णधवल फोटोवर ब्रशने ओठ लाल, दागिने सोनेरी करून देत. घरोघरी भिंतीवर ते मानाने लागले.

मळवाट
तिथे रंग भरले, दादा, काढले नाहीत. खालची चांदी तशीच राहिली. आठ बिटच्या जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, एका चॅनलला काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या. त्या २५ ते २३५ मध्ये कोंबल्या की २११ उरतात. परत ताणल्या तर आकाशात पट्टे दिसतात. हे एक वेळ चालेल. पण हिरवा पिवळ्याकडे ढकलला की चुडा आणि आंब्याची डहाळी एकाच रंगाची होतात. ती पुन्हा वेगळी कशी करायची?

अर्धाउजेड
नाही करता येत, मान्य. म्हणूनच मी रॉवर, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलवर, काम करतो, तिथे मूळ फाइलला हात लागत नाही. पण एका लग्नाच्या चार हजार रॉ फायली, प्रत्येकी २८ एमबी धरा. ११२ जीबी झाले. वर्षाला चाळीस लग्नं. हे किती वर्षं सांभाळायचं आणि त्याचे पैसे कोण देणार? आता मी करारातच लिहितो: हार्डडिस्क आणा, मूळ न्या. फार थोडे आणतात. टोन मात्र मी सोडणार नाही, तो माझ्या हाताचा आहे.

ओलीमाती
माझं लग्न गेल्या वर्षी झालं. बाबा तेव्हा खूप आजारी होते, दोन महिन्यांनी गेले. कन्यादानाच्या फोटोत खऱ्या रंगात त्यांच्या डोळ्यांतली कावीळ स्पष्ट दिसते. तो फोटो मीच फिका केला. काळे उचलले, पिवळा काढला, थोडं ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) घातलं. आता तो हॉलमध्ये आहे आणि आई रोज त्याच्याकडे बघू शकते. मळवाट, तुमची शालूची गोष्ट वाचून रडू आलं, पण मला माझ्या फोटोबद्दल चुकल्यासारखं वाटत नाही.

मळवाट
वाटूही नये. तो फोटो तसाच राहू दे. मूळ फाइल आहे ना? एकाच फोनमध्ये असेल तर आज रात्रीच आणखी दोन ठिकाणी ठेव, आणि फोल्डरवर तारीख घाल.