‘रन’चे ६४५ अर्थ? खरंच अर्थ की नुसती मोजदाद?

उचापती: ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात २०११ साली ‘रन’ची नोंद नव्याने केली तर नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. त्याआधी १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ पुढे होता, साधारण ४३० अर्थ. मला विचाराल तर हे अर्थ नाहीतच, कोशकारांनी कीस काढलाय. नदी रन होते, नाक रन होतं, नळ रन होतो, तिन्हीकडे वाहणंच ना? मूळ अर्थ पाचसहा, बाकीचं संदर्भावरून आपोआप कळतं.

सरळरेघ: आपोआप? मग ‘रन अ फीव्हर’ म्हणजे ताप असणं हे पळण्यावरून लावून दाखवा की. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडणं, ‘रन डाउन’ म्हणजे गाडीने उडवणं किंवा नावं ठेवणं. आणि अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तोच ‘स्टँड’ करतो, एक पळतोय एक उभा, आता यात संदर्भ काय करणार?

उचापती: इन्टू आणि डाउनचा हिशोब रनच्या खात्यात कशाला मांडता?

वाटसरू: मुळात ‘एक शब्द’ हेच तपासा आधी. ‘सेट’ क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, पण संच या अर्थाचं नाम बरंचसं फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’वरून आलंय. नदीकाठची बँक आणि पैशांची बँक पण वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत शिरल्या. दिसायला जुळे म्हणून एकाच माळेत ओवायचं का?

सरळरेघ: रनला ते लागू नाही हो. रन फुगला तो यंत्रांमुळे, घड्याळं, आगगाड्या, इंजिनं आणि मग कंप्युटरचे प्रोग्राम. कोशकारांनी घरी बसून नाही वाढवला.

उचापती: सगळीकडे ‘चालणं’च की! मराठीत घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, आपण काय रोज नवीन अर्थ मोजत बसतो?

तिरकसराव: ‘लागणे’ घ्या ना मग. भूक लागते, नोकरी लागते, दार लागतं. आणि ‘गाडी लागली’ म्हणजे पोटात ढवळतंय की बस फलाटावर आलीये, हे तुमचे पाचसहा मूळ अर्थ सांगतील?

उचापती: ते प्रसंग सांगतो, कोश नाही. मी वेगळं काय म्हणतोय?

सरळरेघ: अहो प्रसंग दोनातला एक निवडून देतो, पण दोन आहेत हे आधी माहीत नको का?