"समोरच्याने नियम मोडले तर आपण का पाळायचे?" आठवीच्या वर्गातला प्रश्न

लालबागच्या बाई
नमस्कार. मी लालबागला इतिहास शिकवते. परवा वादविवाद स्पर्धेच्या तयारीसाठी आठवीला विषय दिला, 'युद्धात सगळं क्षम्य असतं'. विरोधात बोलायला एकही हात वर झाला नाही. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, मॅचला नियम ठीक आहेत. लढाईत जीव जातो, तिथे कसले नियम? समोरच्याने मोडले तर आपण का पाळायचे?" मी १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईपासून सांगितलं. रणांगणावर तडफडणारे जखमी पाहून हादरलेला हेन्री ड्युनांट, त्यातून उभी राहिलेली रेड क्रॉस, जखमी, युद्धकैदी आणि नागरिकांना कसं वागवायचं हे ठरवणारे १९४९ चे चार जिनेव्हा करार. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्याने लढाई जिंकता येते का?"

हा प्रश्न मला टाळायचा नाही. सोमवारी परत तोच तास आहे. मुलाला पटेल असं काय सांगू?

घाटकोपर ईस्ट
मुलगा बरोबर बोलतोय. सौरभ कालिया आणि त्यांच्याबरोबरचे पाच जवान, कारगिल, मे १९९९. गस्तीवर असताना पकडले गेले आणि परत आले ते छळ करून मारलेले देह. पाकिस्ताननेही ते करार मान्य केलेत. कोणाला शिक्षा झाली? नियम पाळणाऱ्याचेच हात बांधले जातात. जिंकणं म्हणजे समोरचा पुन्हा उठता कामा नये. बस.

बीडीडी वरळी
बाई, माझे वडील पहिल्या मराठा पलटणीत होते, जंगी पलटण. गाव पाटण तालुक्यात. फौजेतून आल्यावर फोर्टातल्या एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे असायचे. युद्धाबद्दल फारसं बोलत नसत. बोललेच तर जमालपूरबद्दल.

डिसेंबर १९७१. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच पलटण वेढ्यात अडकली होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली दलाच्या, एका माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवली, शरण या. पलीकडच्या कर्नल सुलतान यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. त्यानंतर १० तारखेच्या रात्री ते वेढा फोडून निघायला गेले आणि थेट मराठ्यांच्या मशीनगनसमोर आले. उजाडल्यावर बघवत नव्हतं, एवढंच वडील सांगायचे. त्यांचा गाववाला दोस्तही त्याच लढाईत गेला.

आता पुढचं त्या मुलाला सांगा. त्याच दिवसांत जनरल माणेकशा रेडिओवरून पाकिस्तानी सैन्याला बजावत होते, विमानांतून पत्रकं पडत होती: शस्त्रं खाली ठेवा, जिनेव्हा कराराप्रमाणे वागवू. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानचे तिथले सेनापती जनरल नियाझी यांनी ज्या शरणपत्रावर सही केली त्यातही हा शब्द लिहून दिलेला आहे. युद्ध १३ दिवसांत संपलं, सुमारे ९३,००० माणसं आपल्या ताब्यात आली. शरण गेलो तर भिंतीशी उभं करून उडवतील अशी त्यांची खात्री असती तर? मग ढाक्याच्या गल्लीगल्लीत जमालपूर झालं असतं, आणि त्यात आपली किती पोरं कामी आली असती याचा विचार करून अंगावर काटा येतो. शेवटपर्यंत लढण्याखेरीज ज्याला वाटच उरत नाही, तो शेवटपर्यंतच लढतो. म्हणून हो, त्याने लढाई जिंकता येते.

पुढे वडिलांना काही महिने युद्धकैद्यांच्या छावणीवर पहारा होता. ज्यांनी दोस्ताला मारलं त्यांच्यासाठी आटा मोजून द्यायचा म्हणजे हात जड व्हायचा, असं ते सांगत. करारात कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू देण्याची तरतूद आहे. तिथे गुजराँवाल्याचा एक हवालदार होता. एवढ्याशा कार्डावर मुंगीएवढं अक्षर काढायचा, कडेच्या समासातही लिहायचा, कारण घरी चार मुलं आणि प्रत्येकाला नावानिशी एक ओळ पाहिजे. त्या वेळी आमच्या आईचं पत्र गावाहून यायला आठवडे लागत. "त्याला राग यायचा तो माझ्यावर, आणि मला त्याच्यावर, पण पोस्टाची वाट आम्ही दोघं सारखीच बघायचो," असं वडील म्हणायचे. हे बोलताना ते कधी हसले नाहीत.

दादरची आजी
वरळीकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार.

बाई, जिंकणं म्हणजे काय यावर मला आपल्याच घरातलं सांगायचंय. माझी सून बंगाली. नातू झाल्यावर ती त्याला थोपटताना एक अंगाईगीत म्हणायची. अर्थ विचारला तर म्हणाली, बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बर्गी आले. बुलबुलांनी भात खाल्लं, आता सारा कुठून भरू? बर्गी म्हणजे कोण, हे सांगताना ती अडखळली. बर्गी म्हणजे आपण. बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर वरचेवर चालून जात आणि गावंच्या गावं लुटली, जाळली. १७५१ च्या तहात बंगालच्या नवाबाने, अलिवर्दीखानाने, वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली, ओडिशा हाती आला. आपल्या पुस्तकात तो विजय आहे. चौथ कधीच बंद झाली, अंगाई अजून चालू आहे.

आणि हेही आपलंच आहे: शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे छावणीला असलेल्या आपल्या माणसांना लिहिलेलं पत्र. दाणागोटा, गवत, भाजी, जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, नाहीतर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत लिहिलंय. शत्रू कसा वागतो यावर त्या हुकमातलं काहीच अवलंबून नव्हतं. तुमच्या विद्यार्थ्याला हे पत्र वाचायला द्या. दोन्ही गोष्टी एकत्र द्या, फक्त पत्र देऊन अंगाई लपवू नका.

घाटकोपर ईस्ट
आजी, मान्य. पण १९७१ चंही पूर्ण सांगा ना. ज्या १९५ पाकिस्तानी अधिकारी-सैनिकांवर युद्धगुन्ह्यांचे आरोप होते, तेही सुटून घरी गेले. आणि आपले ५४ जवान बेपत्ताच राहिले, त्यांच्या घरच्यांनी आयुष्य वाट बघण्यात काढलं. एकाच बाजूने पाळलेला नियम हा नियम नसतो.

लालबागच्या बाई
हा मुद्दा मुलं नक्की काढणार. याला उत्तर आहे का कोणाकडे?

बीडीडी वरळी
५४ जणांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही आणि कोणी सहज देऊ नये. एवढंच म्हणेन की त्यांच्या घरचे लोक हक्काने काही मागू शकतात ते याच करारांच्या जोरावर. नियमच नसते तर मागायचं काय आणि कोणाकडे?

१९५ जणांचं मात्र माझ्या मनाला लागलेलं आहे. बांगलादेशला त्यांच्यावर खटले चालवायचे होते. पण पाकिस्तानात लाखो बंगाली अडकले होते आणि पाकिस्तानची मान्यताही हवी होती. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला आणि ते सुटले. मला हा अन्याय वाटतो, आपल्या सरकारचाही त्यात वाटा होता. ज्या बायकांवर अत्याचार झाले त्यांना त्या टेबलावर कोणी विचारलं नाही. घाटकोपरकर, पण हा राग नियम होते म्हणून नाही, ते ऐनवेळी बाजूला ठेवले म्हणून आहे. बांगलादेशाने १९७३ मध्येच अशा गुन्ह्यांसाठी कायदा केला होता. तो तसाच पडून राहिला आणि २०१० मध्ये त्याच कायद्याखाली न्यायाधिकरण बसलं. पाकिस्तानी सैनिक हाती नव्हते, पण त्यांना साथ देणाऱ्या स्थानिकांवर खटले चालले. ते खटले कसे चालले यावरही आक्षेप आहेत. तेही वर्गात येऊ द्या, बाई. आठवीची मुलं आहेत, त्यांना झेपेल.