१६ किलो गेले, ४ परत आले

ए-३०२: एवढ्या उशिरा मेसेज टाकतोय, माफ करा. मागच्या वर्षी माझे १६ किलो उतरले तेव्हा सोसायटीच्या याच ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. त्यातले ४ परत आलेत. खाणं तेवढंच आहे, निदान मला तरी तसं वाटतं. लो-कार्ब, म्हणजे भात-ब्रेड-साखर कमी करून, कोणी वजन टिकवलंय का? उतरवलंय का, हे विचारत नाहीये.

ए-६०३: दादा, कीटो. कार्ब जवळपास बंदच. डोळे मिटून. माझे ८ दिवसांत ३ किलो गेले!

बी-१०४: त्या तिनात चरबी थोडीच होती रे. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कार्बचा साठा, असतं आणि त्याचा एकेक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. कार्ब तोडले की साठा संपतो आणि पाणी बाथरूममध्ये जातं.

ए-६०३: ताई, दोन दिवस तरी खूश राहू द्यायचं 😅

ए-३०२: थांबा, म्हणजे हे उलटंही होतं का? शनिवारी सकाळी काटा ८२.१. रविवारी रात्री दोन ताटल्या भात, वर आइस्क्रीम. सोमवारी ८३.९! रागाने दुपारचं जेवणच टाकलं आणि संध्याकाळी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला.

बी-१०४: उलटंही तेच होतं. १.८ किलो चरबी चढायला रोजच्या जेवणावर आणखी तेराचौदा हजार कॅलरी लागतील. दोन दिवसांत तेवढा भात कोणाच्या घशाखाली उतरत नाही. ते पाणी होतं. पुडा मात्र खरा होता.

सी-५०१ काका: हे काही नवीन नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची कामं करणाऱ्या विल्यम बँटिंगने साखर, ब्रेड, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि १८६३ मध्ये त्यावर पत्रक काढलं. वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत जगला.

बी-१०४: काका, तो जगला, पण सगळे बँटिंग नसतात. दादांच्या प्रश्नाकडे येते, जरा लांबलचक लिहिते. वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उतरवून वर्ष झालं तरी हे बदल टिकून होते. वर शरीर कॅलरीही कमी जाळायला लागतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना ६ वर्षांनी तपासलं, तर शरीर नुसतं चालू ठेवायला त्यांना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी लागत होत्या. म्हणून 'तेवढंच खातो तरी वाढतं' हे दादांचं म्हणणं मी थट्टेवारी नेणार नाही.

सेक्रेटरी: सूचना: उद्या १० ते १ लिफ्ट देखभालीसाठी बंद राहील.

ए-६०३: घ्या, व्यायामाचीही सोय झाली.

ए-३०२: मग कार्ब तोडले तर ते जाळणं पुन्हा वाढतं का?

बी-१०४: नेमका यावरच वाद आहे. २०१८ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक प्रयोग आहे. आधी १०-१४ टक्के वजन उतरवलेल्या १६४ जणांना २० आठवडे जेवण पुरवलं. प्रथिनं सगळ्यांना सारखी, कार्ब मात्र कोणाला २० टक्के, कोणाला ४०, कोणाला ६०. वजन हलू नये म्हणून कॅलरी कमीजास्त करत राहिले. २० टक्केवाले ६० टक्केवाल्यांपेक्षा दिवसाला साधारण २०० कॅलरी जास्त जाळत होते.

सी-५०१ काका: बघा! 👆

बी-१०४: पूर्ण वाचा काका. केविन हॉल या संशोधकांनी तोच डेटा, प्रयोग करणाऱ्यांनीच आधी जाहीर केलेल्या पद्धतीने, पुन्हा मोजला, तर फरक जवळपास विरला. म्हणून २०० कॅलरी फुकट मिळतील असा हिशेब मी कोणाला मांडून देत नाही.

ए-३०२: म्हणजे उपयोग नाही?

बी-१०४: तसं नाही. कार्ब कमी केल्यावर अनेकांची भूक आटोक्यात येते, पण ती ताटातल्या प्रथिनांमुळेही येत असेल. युरोपात आठ देशांत वजन उतरवलेल्या ७७३ जणांवर २६ आठवडे प्रयोग झाला. जास्त प्रथिनं आणि रक्तातली साखर हळू चढवणारे कार्ब, या गटाचं वजन सगळ्यात चांगलं टिकलं. कार्ब बंद नव्हते हं. आणि स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या अभ्यासात वर्षाअखेरीस लो-फॅटवाल्यांचे सरासरी ५.३ किलो गेले, लो-कार्बवाल्यांचे ६. हा काही फरक म्हणता येत नाही. पण दोन्ही गटांत कोणाचे पंचवीसेक किलो उतरले, कोणाचं उलट वाढलं. मला विचाराल तर, जे चौथ्या महिन्यातही जाचत नाही ते धरा.

बी-२०२ काकू: मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मी पण उद्यापासून ब्रेड-भात बंद करू का?

बी-१०४: काकू, उद्यापासून नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच! कुठली गोळी?

बी-२०२ काकू: एक ग्लिमेपिराइड. दुसरी डापाग्लि… काहीतरी.

बी-१०४: डापाग्लिफ्लोझिन असेल. ग्लिमेपिराइड चालू ठेवून कार्ब तोडले तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. दुसऱ्या गोळीवर तर कीटो नकोच. रक्तात आम्ल वाढू शकतं आणि मशीनवर शुगर जवळपास ठीक दिसते, म्हणून कळतही नाही. कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, दवाखान्यात भरती व्हावं लागतं. बीपीच्या गोळ्यांचाही डोस बघावा लागतो.

ए-६०३: काकू, मी 'डोळे मिटून' म्हटलं ते तुमच्यासाठी नव्हतं 🙏

ए-३०२: ताई, मग मी काय करू?

बी-१०४: काट्यावर रोज उभे राहा, पण बघायची सात दिवसांची सरासरी. नाश्त्याला आधी अंडी, मग भूक उरली तर ब्रेड. पुडा घरात आणू नका. आणि जेवण टाकू नका, सोमवारी तेच नडलं.

ए-३०२ (सकाळी ६:४०): ८२.६. पुडा घरात नाही. शोधला.

बी-२०२ काकू (११:१५): डॉक्टरांचा फोन लागला. आठवडाभराचे शुगरचे आकडे लिहून आणायला सांगितलेत, तोवर ब्रेड आहे तसाच. आणि लिफ्ट कधी चालू होणार?