तस्करीविरोधी कार्यक्रमात नेमकं काय सांगावं?

पानगळ:
30 जुलै हा मानवी तस्करीविरोधी जागतिक दिवस. त्यानिमित्त आमच्या वाचनगटाने तासाभराचा कार्यक्रम ठरवलाय आणि बोलायचं माझ्याकडे आलंय. पोस्टर तयार आहे: काळी पार्श्वभूमी, साखळदंडात जखडलेली मनगटं, खाली ‘जागे व्हा’. लोक हळहळतील, फोटो पुढे पाठवतील आणि घरी जातील, अशी मला धास्ती वाटते. ऐकणाऱ्याला उद्यापासून काही करता येईल असं काय सांगू? थोडा निधीही जमवायचाय, तो कशासाठी मागावा? या कामातल्या कुणी असाल तर कृपया सविस्तर लिहा.

निशिगंध:
मी सुटका झालेल्या बायका-मुलींच्या निवारागृहात समुपदेशनाचं काम करते.

साखळदंड आधी काढून टाका. असं चित्र डोक्यात बसलं की रोज कामावर ये-जा करणारी बाई लोकांना सुखरूपच वाटते. आमच्याकडे आलेल्या बहुतेकींना कुणी पळवून नेलं नव्हतं. काम मिळवून देतो म्हणून नेलं होतं, आणि नेणारं माणूस ओळखीचं होतं. कधी नात्यातलं, कधी आधी तिकडे जाऊन आलेली मैत्रीण, कधी लग्नाचं वचन दिलेला मुलगा. म्हणून ‘अनोळखी लोकांपासून सावध’ एवढंच सांगून भागत नाही.

त्यांना अडकवून ठेवतं ते कर्ज. एकीने मला तिच्या हिशेबाची वही दाखवली होती. सुरुवातीला प्रवासखर्च, मग खोलीचं भाडं, जेवण, गणवेश, आणि ताप आला त्या दिवसाचा दंड. पगार दर महिन्याला मांडलेला, तरी खालची बाकी मागच्या महिन्यापेक्षा जास्तच. ‘फिटलं की जा,’ असं तिला सांगायचे. दाराला कुलूप नव्हतं. पण कागदपत्रं मालकाच्या ताब्यात, घरचा पत्ता दलालाला पाठ. जाणार कुठे? कार्यक्रमात असं एखादं पान फळ्यावर मांडून दाखवा. लोकांना लगेच कळतं.

‘ती स्वतःच्या मर्जीने गेली ना?’ हा प्रश्न नक्की येईल. संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली स्वीकारलेल्या पालेर्मो प्रोटोकॉलने, म्हणजे मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय कराराने, त्याचं उत्तर दिलंय. फसवून, धाक दाखवून किंवा लाचारीचा फायदा घेऊन नेलं असेल, तर शोषणाला तिची संमती होती हा बचाव चालत नाही. 18 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर फसवणूक किंवा बळजबरी दाखवावीही लागत नाही. शोषणासाठी नेलं किंवा ठेवून घेतलं, एवढं पुरे.

घामाचे दाम:
पुरुषांना विसरू नका, एवढी कळकळीची विनंती. मी परगावी, परदेशी कामाला जाणाऱ्यांना सल्ला देतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये कुठल्याही एका दिवशी 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या मजुरीत होती. त्यातली 63 लाख लैंगिक शोषणाच्या धंद्यात. बाकीची बहुतेक शेतात, बांधकामावर, कारखान्यांत, मासेमारीच्या बोटींवर, लोकांच्या घरांत राबणारी. अलीकडे शिकलेली मुलंही सापडताहेत: संगणकावरच्या नोकरीची जाहिरात बघून जातात आणि आग्नेय आशियातल्या बंदिस्त आवारात डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जातात.

निघण्याआधी काय बघायचं, यावर अर्धा तास द्या. नोकरी लावायला आधी पैसे मागितले तर तिथेच थांबायचं. खासगी रोजगार संस्थांनी काम शोधणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये, हे याच संघटनेच्या 1997 च्या कराराचं मूळ तत्त्व आहे. नोकरीचा करार आपल्याला वाचता येईल अशा भाषेत हवा. पासपोर्टची प्रत आणि कामाचा पत्ता घरी ठेवायचा. आणि घरच्यांशी एक साधं वाक्य ठरवून ठेवायचं, जे फोनवर म्हटलं की ‘मी अडकलोय’ असा अर्थ. समोर कुणी ऐकत उभं असलं तरी ते बोलता येतं.

ओंजळ:
मला शेजारच्या घरात काम करणाऱ्या मुलीबद्दल शंका आहे. ती कधी एकटी बाहेर दिसत नाही, काही विचारलं की घरातलंच कुणीतरी उत्तर देतं. सरळ जाऊन विचारू का?

निशिगंध:
ओंजळ, मालकासमोर विचारू नका आणि तिला स्वतः बाहेर काढायला जाऊ नका. त्यांना सुगावा लागला तर रातोरात तिला दुसरीकडे हलवतील. चित्रीकरणही नको. काय दिसलं, कधी दिसलं ते लिहून ठेवा आणि पोलिसांना किंवा तस्करीविरोधी मदतवाहिनीला कळवा. ती अल्पवयीन वाटत असेल तर बालकांच्या मदतवाहिनीलाही. खात्री व्हायची वाट बघू नका, तपास करणं त्यांचं काम आहे. जिवाला धोका दिसला तर तातडीच्या क्रमांकावर फोन करा.

पानगळ, निधीचं सांगते. सुटकेच्या बातमीला पैसे येतात, नंतरच्या वर्षांना येत नाहीत. साक्षीच्या तारखांना जाण्याचा खर्च, वकील, औषधपाणी, राहिलेलं शिक्षण, स्वतःच्या नावाचं बँक खाते उघडायला लागणारी कागदपत्रं, इथे हात आखडतो. खटला लांबतो, तारीख पुढे जाते, आणि भाड्याला पैसे नाहीत म्हणून साक्ष द्यायला जाता आलं नाही असं घडतं. मी तरी साक्षीच्या खर्चासाठीच मागेन.

सुटलेल्या कुणाला व्यासपीठावर बोलवायचा मोह होईल, तो टाळा. तिची गोष्ट सांगून झाल्यावर तिला त्याच वस्तीत राहायचं असतं. त्यापेक्षा सभेत विचारा, तुमच्यापैकी कोण तिला काम देईल, कोण भाड्याने खोली देईल. आमच्याकडच्या एका मुलीला शिवणकाम उत्तम येतं. पण खोली बघायला गेली की घरमालक आधी कुठे राहायचीस ते विचारतात आणि निवारागृहाचं नाव ऐकून नकार देतात. तिला अजून खोली मिळालेली नाही.