एच. पायलोरी या पोटातल्या जंतूवरचा औषधांचा कोर्स संपला, आता कोणती तपासणी?

प्रश्न (मुलुंड): मुलगी 9 वर्षांची. एंडोस्कोपीत (दुर्बिणीने तपासणी) ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला, अल्सर; बायोप्सीत (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत) एच. पायलोरी. 14 दिवसांचा कोर्स कालच संपला, दुखणं थांबलंय. लॅबवाले रक्ताची अँटीबॉडी टेस्ट सुचवतायत. करावी का?

उत्तर 1: रक्ताची नकोच. जंतू मेला तरी अँटीबॉडी महिनोन्‌महिने रक्तात राहतात. शौचाची मोनोक्लोनल अँटिजेन टेस्ट (शौचात जंतूचे अंश शोधणारी) किंवा युरिया ब्रेथ टेस्ट (श्वासावरून जंतू ओळखणारी) करा, पण आज नाही. अँटिबायोटिक संपून किमान 4 आठवडे आणि ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध) बंद होऊन किमान 2 आठवडे जाऊ द्या. घाई केली तर जंतू नुसता दबलेला असतो, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. ओमेप्राझोल मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवा, अल्सर भरायचा असतो. आणि दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेला असं नाही, आम्ल कमी झालं तरी पोट शांत होतं.

उत्तर 2: शौचाचा नमुना कोरड्या डबीत, कमोडचं पाणी न लागता घ्या आणि त्याच दिवशी पोचवा. मुंबईच्या उकाड्यात डबी दिवसभर ओट्यावर राहिली तर रिपोर्टचा भरवसा नाही.

उत्तर 3: पॉझिटिव्ह आलं तर तोच कोर्स पुन्हा नको. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला जंतू दाद देत नसेल. चुकलेले डोसही मोजा, त्यानेही जंतू उरू शकतो. अल्सर आहे म्हणून तापाला आयब्युप्रोफेन टाळा, पॅरासिटामॉल चालेल. वडापावच्या चटणीला उगाच दोष देऊ नका! डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट इमर्जन्सी. लोहाच्या टॉनिकनेही शी काळी होते, ते चालू असेल तर तिथे सांगा.